बिनचाकी रथ

भेट म्हणून मिळालेल्या वस्तूंचा सर्वांत मोठा गुण असा, की त्या बाजूला ठेवता येतात. लग्नात आलेली भिंतीवरची पाच घड्याळे माळ्यावर जातात आणि तेथे पाच निरनिराळ्या वेळा दाखवीत स्वस्थ पडून राहतात. सत्कारात मिळालेल्या शालीची घडी मोडण्याची सक्ती कोणी करीत नाही. कादंबरी भेट आली तर पहिल्या पानावरची सही वाचून ती कपाटात लावता येते, आणि देणारा पुन्हा भेटला म्हणजे ‘फार सुंदर आहे हो’ असे म्हणण्यासाठी ती वाचलेली असावी लागत नाही. देणारा दिल्याचे समाधान घेऊन जातो, घेणारा घेतल्याचे ओझे माळ्यावर टाकतो, आणि व्यवहार पुरा होतो. परंतु एखाद्याने आम्हांला भीतीच भेट म्हणून दिली तर? ती माळ्यावर टाकता येत नाही. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाही. कोणाच्या मुंजीत आहेर म्हणून पुढे सरकविता येत नाही. ती तेथल्या तेथे, देणाऱ्याच्या देखत, स्वतःच्या हाडामांसाने स्वीकारावी लागते. अशी भेट आम्हांला २०२४ सालच्या रथसप्तमीस गुलमर्ग येथे मिळाली. आणि ती देणारे आमचे वडील होते.

हे शेवटचे वाक्य आमच्या आप्तांपैकी कोणी वाचले, तर त्याचा त्यावर विश्वास बसणार नाही. अण्णा रेल्वेत गार्ड होते. (२०२२ पासून रेल्वेने ह्या पदाला ‘ट्रेन मॅनेजर’ असे नवे नाव दिले आहे. अण्णांना ते मुळीच मान्य नाही. मॅनेजर दुकानात असतो, गाडीवर गार्ड असतो, असे त्यांचे म्हणणे.) उभी हयात त्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्यात, ब्रेकच्या दांड्याशेजारी काढली. जे जे चालते त्याला ब्रेक असला पाहिजे, आणि तो ब्रेक निघण्यापूर्वी तपासलेला असला पाहिजे, हे त्यांच्या तत्त्वज्ञानाचे आद्यसूत्र होते. आणि ते त्यांनी मालगाड्यांना लावले तितक्याच काटेकोरपणे आम्हांलाही लावले. इटारसीच्या रेल्वे वसाहतीतली आमच्या वयाची मुले आठव्या वर्षी सायकलवर ‘कैची’ मारीत असत. आम्हांला चौदावे वर्ष सरल्यावर सायकल मिळाली, तीही पुढचे व मागचे दोन्ही ब्रेक अण्णांनी स्वतः ओढून पाहिल्यानंतर. होशंगाबादला – आता त्या गावाचे नाव नर्मदापुरम झाले आहे – सेठाणी घाटावर आमचे सोबती पायऱ्यांवरून धडाधड नर्मदेत उड्या घेत, तेव्हा आम्ही दुसऱ्या पायरीवर बसून तांब्याने अंगावर पाणी घेत असू. पतंगासाठी गच्ची वर्ज्य, आंब्यासाठी झाड वर्ज्य, होळीच्या आगीपासून वीस पावले. आमच्या गुडघ्यावर बालपणाची एकही खूण नाही. समवयस्कांत कधी आपापल्या जखमांच्या कथा निघतात, तेव्हा आम्हांला गप्प बसावे लागते.

अशा रीतीने जपलेला मुलगा केंद्र सरकारच्या कार्यालयात लिपिक झाला, ह्यात कोणास नवल वाटू नये. नोकरीत कायम झाल्याचे पत्र आले त्या दिवशी अण्णांनी वसाहतीत पेढे वाटले आणि ‘गाडी रुळाला लागली’ एवढेच म्हणाले. त्यांच्या शब्दकोशात ह्याहून मोठा आशीर्वाद नाही.

काश्मीरची सहल घडली ती सरकारी रजाप्रवास सवलतीमुळे. स्वग्रामास जाण्याची सवलत काश्मीरसाठी बदलून घेण्याची मुभा सरकारने दिलेली आहे. आमच्या कार्यालयातील निम्मे लोक तिचा लाभ घेऊन आले होते, आणि डब्याच्या सुटीत त्यांच्या भ्रमणध्वनीवरील बर्फाची छायाचित्रे पाहून आम्ही दमलो होतो. सौभाग्यवती, सात वर्षांची कन्या आणि आम्ही असे तिघे सवलतीत बसलो. अण्णा पेन्शनर असल्याने त्यांनी आपले तिकीट स्वतः काढले, आणि रेल्वेचा पास असताना विमानाला पैसे मोजावे लागल्याची हळहळ दिल्लीपासून श्रीनगरपर्यंत व्यक्त केली.

श्रीनगराहून गुलमर्ग पन्नासएक किलोमीटर. शेवटचा तेरा किलोमीटरांचा चढ टंगमर्ग ह्या गावापासून लागतो. हिवाळ्यात तेथे गाडीच्या चाकांना साखळ्या बांधतात, आणि प्रवाशांच्या पायांना भाड्याचे गमबूट व अंगाला भाड्याचे डगले चढवितात. आम्हांस मिळालेला डगला कोणा धिप्पाड पंजाबी गृहस्थाच्या मापाचा असावा. त्यात आम्ही, आमचे तीन स्वेटर आणि वर आणखी एखादा चुलतभाऊ सहज मावला असता. साखळ्या पाहून मात्र अण्णा प्रसन्न झाले. त्यांनी खाली वाकून त्या हाताने ओढून पाहिल्या आणि चालकाला शाबासकी दिली.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून साडेआठ हजार फुटांहून उंच आहे. चहूकडे फरच्या झाडांनी वेढलेले एक प्रशस्त कुरण. उन्हाळ्यात तेथे गोल्फ खेळतात. आम्ही पाहिले तेव्हा ते सारे एका पांढऱ्या शुभ्र आवरणाखाली गेले होते, आणि इंग्रजांच्या वेळचे दगडी चर्च व टेकडीवरचे महाराणीचे शिवमंदिर एवढ्याच दोन खुणांवरून जमिनीचा अंदाज लागत होता. तेथे पाऊल ठेवताच घसरगाड्यांचे मालक आम्हांला घेरून उभे राहिले. ह्या घसरगाडीला तेथे ‘स्लेज’ म्हणतात. नावावरून डोळ्यांपुढे ध्रुवप्रदेशातले कुत्रे येतात, पण वस्तू अगदी साधी आहे. दोन लाकडी धावा, त्यांवर ठोकलेल्या चारदोन फळ्या, पुढे एक दोर. लहान मुलाच्या पाटाला दोरी बांधली तर जे होईल तेच, किंचित लांब. चढावर मालक हा दोर खांद्यावर घेऊन ओढतो. उतारावर तो स्वतः पुढे बसतो, प्रवाशाला मागे बसवितो आणि दोघे मिळून खाली येतात.

कन्या पहिल्या अर्ध्या तासात तीन वेळा खाली आली. आणि येथे आम्ही एक चमत्कार पाहिला. ज्या गृहस्थांनी आम्हांस सायकलसाठी चौदा वर्षे तिष्ठत ठेवले, ते उताराच्या पायथ्याशी उभे राहून नातीला ‘अजून वरून ये, अजून वरून!’ असे ओरडून सांगत होते. आजोबा झालेल्या बापाचे हे असे होते हे आम्ही इतरांच्या घरी पाहिले आहे, परंतु स्वतःच्या घरी ते पाहताना मनुष्याला थोडे पोरके वाटते. सौभाग्यवतीही एकदा जाऊन आली. ओरडली, हसली, आणि उठून तिने प्रथम केस नीट केले. मग दोघी गोंडोलाकडे गेल्या. तारेवरून जाणारे हे पाळणे १९९८ पासून चालू आहेत. आता ते दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे तेरा हजार फुटांवर जातात. तिकिटे दोनच मिळाली होती. अण्णा आणि आम्ही मागे राहिलो, आणि बाकावर बसून कहवा पिऊ लागलो.

कहवा संपला तेव्हा अण्णांनी खिशातून एक पाकीट काढले. लग्नकार्यात देतात तसले. वर एक रुपयाचे नाणे चिकटविलेले.

“आज रथसप्तमी,” ते म्हणाले. “तुझा तिथीने वाढदिवस.”

आमचा जन्म माघ शुद्ध सप्तमीचा हे खरे. पण दाखल्यावरची तारीख निराळी, कार्यालयातली मंडळी त्या तारखेला समोसे मागतात, आणि तिथी ठाऊक असणारे ह्या पृथ्वीवर एकटे अण्णाच उरले आहेत. आम्ही वाकून नमस्कार केला आणि पाकीट खिशात घालू लागलो, तोच त्यांनी हात धरला.

“ते ठेवायचं नाही. त्या गाडीचे पैसे आहेत त्यात. तू बसायचंस.”

आम्ही कारणे सांगितली. गेल्या महिन्यापासून कंबर धरते आहे. उंचीवर धाप लागते. कहवा नुकताच प्यालो. अण्णांनी तीं सारी शांतपणे ऐकून घेतली. रजेच्या अर्जातील कारणे वाचणारा वरिष्ठ ज्या चेहऱ्याने ऐकतो त्याच चेहऱ्याने. मग ते उठले आणि आमच्या वतीने सौदा करू लागले. सांगितलेल्या रकमेच्या निम्म्यावर ते कसे आले, ह्याचे वर्णन येथे करीत नाही. बेचाळीस वर्षे ज्यांनी स्टेशनवरच्या भाजीवाल्यांशी बोलून दिवस काढले, त्यांच्यापुढे हिमालयाचे काही चालत नाही, एवढे म्हटले म्हणजे पुरे.

सौदा ठरल्यावर त्यांनी घसरगाडी उलटी करविली. धावांवर हात फिरविला, खिळे मोजले, दोराची गाठ ओढून पाहिली आणि विचारले, “इसका ब्रेक किधर है?”

स्लेजवाला तिशी-पस्तिशीचा, म्हणजे आमच्याच वयाचा होता. फेरनचा घोळ कमरेशी खोचून त्याने आपले दोन्ही पाय बर्फावर आपटले आणि गमबुटांच्या टाचांकडे बोट दाखविले. “चचा, ये रहे ब्रेक!”

अण्णा खाली बसले. त्यांनी त्या टाचा बराच वेळ न्याहाळल्या. मग उठून, गुडघे झटकून त्यांनी घड्याळात पाहिले आणि खिशातली टिपणवही काढली.

आमचे वरचे प्रयाण सुरू झाले, आणि प्रथमच आम्हांस कळून आले की ह्या भेटीत दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. खाली येण्याची भीती ही दुसरी. पहिली म्हणजे वर जाणे. पाटावर बसलेल्या नवरदेवाप्रमाणे आम्ही मांडी घालून बसलेलो, आणि आमच्यापुढे आमच्याच वयाचा एक मनुष्य दोर छातीवर आडवा घेऊन, जवळजवळ जमिनीला समांतर होऊन, गुडघाभर बर्फातून आम्हांला ओढीत आहे. आम्हांला त्याचा चेहरा दिसत नव्हता. श्वास तेवढा ऐकू येत होता. दिल्लीत सायकल-रिक्षात बसताना हा प्रश्न पडत नाही असे नाही. पण तेथे चाकाची आड असते, घंटी असते, रहदारीचा कलकलाट असतो. येथे ती निःशब्द शुभ्रता, आणि त्या शुभ्रतेत एका माणसाची धाप. पन्नास पावलांनंतर आम्हांला ते असह्य झाले. “थांबा, आम्ही चालत येतो” असे म्हणून आम्ही उतरलो.

तो थांबला, मागे वळला. त्याच्या मुद्रेवर कृतज्ञता नव्हती, त्रास होता.

“साब, बैठिए. आप पैदल चलेंगे तो नीचे वाले समझेंगे, इससे खींचा नहीं जाता. फिर मेरे पास कौन आएगा?”

आम्ही मुकाट्याने बसलो. आमच्या सद्भावनेची किंमत दुसऱ्याच्या धंद्यातून वळती होणार होती, हे एका वाक्यात त्याने समजावून सांगितले. तेव्हापासून वर पोचेपर्यंत आम्ही जितके हलके होता येईल तितके होण्याचा प्रयत्न करीत राहिलो. पोट आत घेतले. दोन्ही हातांनी फळी वर उचलून धरली. तिच्यावर आपणच बसलेलो असता ती वर उचलण्यात पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने काही अर्थ नाही, हे ठाऊक असूनही धरली.

अर्ध्या वाटेवर तो दम घेण्यास टेकला आणि बोलू लागला. उन्हाळ्यात तो घोडा हाकतो. टंगमर्गच्या बाजूला त्याचे गाव. काश्मिरात पौषातल्या कडाक्याच्या चाळीस दिवसांना, म्हणजे २१ डिसेंबरपासून ३० जानेवारीपर्यंतच्या काळाला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. वर्षाची कमाई ह्या दिवसांतली. आणि त्या साली जवळजवळ सारा चिल्लई कलान कोरडा गेला होता. जानेवारी जवळपास संपेपर्यंत गुलमर्गचे हे कुरण तपकिरी गवताचे होते; त्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून आम्हीही पाहिली होती. त्याने दोन हातांनी सुक्या गवताची उंची दाखविली. लोक दुरून दुरून येत, उभ्या स्लेजवर बसून छायाचित्र काढून घेत आणि निघून जात. “घास पे कौन खींचेगा, साब?” महिन्याच्या अखेरीस बर्फ पडले. तो ज्या बर्फावर बसून हे सांगत होता, ते पंधरा-वीस दिवसांचे होते. (पुढच्याच वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीत, तेथील राष्ट्रीय हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या, ती बातमी वाचताना खेळाडूंच्या आधी आम्हांला हा मनुष्य आठवला.)

ताजे बर्फ ओढायला जड आणि घसरायला मंद असते. दाबले गेलेले बर्फ वेगवान, असेही त्याने सांगितले. मायकेल फॅरेडेने १८५० मध्ये असे सुचविले होते की बर्फाच्या पृष्ठावर पाण्याचा एक अत्यंत पातळ थर असतो. म्हणजे घसरगाडी बर्फावरून जात नाही, पाण्यावरून जाते. सेठाणी घाटाच्या दुसऱ्या पायरीवर बसलेल्या मुलाला शेवटी पाणी गाठणार ते येथे, साडेआठ हजार फुटांवर, असा विचार आमच्या मनात येऊन गेला.

वरच्या टोकावरून खाली पाहिले, तेव्हा अण्णा एका काळ्या ठिपक्याएवढे दिसत होते. पायथ्यावरून जो उतार लहान मुलांच्या घसरगुंडीसारखा वाटला होता, तो वरून पाहताना निराळाच झाला होता. आमच्या आधी दोन जोडपी उभी होती. तेवढा अवकाश मिळाला. भित्रा मनुष्य असा अवकाश वाचलेल्या गोष्टी आठवण्यात घालवितो. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे हिवाळा घालविण्यास गेलेल्या इंग्रज पाहुण्यांनी १८८४-८५ च्या हिवाळ्यात क्रेस्टा नावाची बर्फाची घसरण बांधली. हे लोक तिच्यावरून पालथे पडून, डोके पुढे करून घसरत. ज्यांना कोणी ओढीत नव्हते, कोणी भेट दिली नव्हती, ज्यांचे घरी उत्तम चालले होते असे लोक! १९२४ साली शामोनी येथे पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बॉबस्ले आली. १९६४ साली इन्सब्रुकला ल्यूज आली. आपल्याकडचे शिवा केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिकांत ल्यूजवर उतरले. मनालीजवळच्या ह्या खेळाडूला सरावासाठी देशात बर्फाची घसरण नव्हती, म्हणून त्यांनी घसरगाडीला चाके लावली आणि ते हिमालयातल्या वाहत्या रस्त्यांवरून, मालमोटारी व मेंढ्या चुकवीत खाली येत. अण्णांनी हे पाहिले असते तर लाल झेंडी घेऊन ते रस्त्यात आडवे उभे राहिले असते.

आणखी एक गोष्ट आठवली. जत्रेतल्या आकाशरेल्वेला फ्रेंच भाषेत ‘रशियन पर्वत’ म्हणतात, कारण लाकडी उतारांवर बर्फ गोठवून त्यांवरून घसरण्याची चाल रशियातली. रशियन भाषेत मात्र त्याच वस्तूला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात. हा आपला वेडेपणा नव्हे, शेजारच्याचा, असे प्रत्येकाला वाटते.

“साब, पकड़िए.”

आमची पाळी आली होती. तो पुढे बसला. आम्ही मागे बसून त्याच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली. अनोळखी पुरुषाला इतक्या जवळून धरण्याचा प्रसंग आम्हांला लोकल गाडीखेरीज कधी आला नव्हता. फेरनला कांगडीच्या धुराचा वास होता.

ज्याची ही सप्तमी, त्या सूर्याच्या रथाला एकच चाक असते असे पुराणे सांगतात. घोडे सात, आणि सारथी अरुण हा मांड्यावाचूनचा. आमच्या रथाला चाक एकही नव्हते, घोडा नव्हता. आणि सारथी असा, की त्याचे सारे सामर्थ्य पायांत. त्याने ते पाय उचलले, आणि पृथ्वी आमच्याखालून निघून गेली.

पुढे काय झाले हे क्रमाने सांगणे अवघड आहे, कारण त्यात क्रम नव्हता. महाविद्यालयात नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव आम्ही गुणांसाठी पाठ केले होते. त्यांची हजेरी घेणे एवढेच आता शक्य आहे. स्तंभ सर्वांत आधी आला. हातपाय आमचे राहिले नाहीत. स्वेद आला, तोही शून्याखालच्या हवेत, भाड्याच्या डगल्याच्या आत. ह्याबद्दल आम्हांला भरतमुनींविषयी फार आदर वाटला. रोमांच तीन स्वेटरांखाली असल्याने तपासता आला नाही. संशयाचा फायदा त्याला द्यावा. स्वरभंग निःसंशय झाला: ‘थांबा’ हा शब्द आम्ही हिंदीत उच्चारू पाहत होतो, आणि जे बाहेर पडले ते घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत बसण्यासारखे नव्हते. वेपथूचे श्रेय भीतीला देता येणार नाही, कारण आम्ही टंगमर्गपासूनच कापत होतो. वैवर्ण्याचे साक्षीदार अण्णा. अश्रू भळभळा वाहिले. परंतु अश्रूंच्या कारणांत भरताने थंडीही सांगून ठेवली आहे, त्यामुळे तेथेही आम्हांला तोंड लपविण्यास जागा आहे. राहता राहिला प्रलय, म्हणजे मूर्च्छा. तो येण्यापूर्वी उतार संपला.

मध्ये केव्हातरी गाडी एका उंचवट्यावर चढली आणि काही क्षण धावा बर्फाला टेकलेल्या नव्हत्या. त्या वेळी आमच्या घशातून एक आवाज निघाला. तो किंकाळीसारखा सुरू झाला आणि वाटेत हसण्यासारखा झाला. तो आमचा आवाज होता ह्याविषयी शंका नाही, कारण स्लेजवाला शांत होता. तथापि तसा आवाज आमच्याजवळ आहे, हे आम्हांला तोवर ठाऊक नव्हते.

करुण रसापासून आनंद का होतो, भयानकापासून का होतो, ह्या प्रश्नावर मराठीत पुष्कळ शाई सांडली आहे. एडमंड बर्कने १७५७ साली आपल्या ग्रंथात असे उत्तर दिले, की भय अंगाशी आले म्हणजे केवळ भय असते. थोडे अंतर राहिले तर ते सुखावह होते. आपल्या रसचर्चेतला सहृदय प्रेक्षकही रंगभूमीपासून दूर, आसनावर सुखरूप बसलेला असतो. पण येथे तर आसनच कड्यावरून निघालेले, आणि प्रेक्षक व पात्र एकाच डगल्यात. मग ते अंतर कोठे होते? आम्ही त्या वेळी विचार केला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण डोळे मिटण्यापूर्वी आम्ही जे पाहत होतो, ते मात्र स्पष्ट आठवते. आमच्यापुढे हातभर अंतरावर दोन गमबुटांच्या टाचा होत्या. उतार फार झाला की त्या बर्फात रुतत, दोन्ही बाजूंनी पांढरा फवारा उडे, वेग जरा मोडे. मग त्या पुन्हा वर उचलल्या जात. डावी अधिक रुतली की गाडी डावीकडे वळे. झाडे बाजूने निघून जात. आमचे सारे भय, आणि त्या भयातले जे काही सुख होते ते, त्या दोन टाचांच्या हवाली होते.

खाली अण्णा एक हात आडवा, स्थिर धरून उभे होते. झेंडी जवळ नसली म्हणजे गार्ड ‘पुढे या’ असे दाखविण्यासाठी हात तसा धरतो. गाडी त्यांच्यापासून तीन पावलांवर थांबली, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

आम्ही उठण्याचा प्रयत्न केला. गुडघ्यांनी नकार दिला, आणि आम्ही बाजूला बर्फात आडवे झालो. तोंडात बर्फ गेले. अण्णांनी उचलण्यासाठी हात पुढे केला नाही. त्यांनी घड्याळ पाहिले, पेन्सिल जिभेला लावली आणि वहीत काहीतरी टिपून घेतले.

“वर जायला बावीस मिनिटं. यायला पन्नास सेकंद,” ते म्हणाले. मग वही मिटून, आमच्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “घाबरलास?”

“हो.”

“पुष्कळ?”

“पुष्कळ.”

“मीही,” अण्णा म्हणाले, आणि चष्मा पुसू लागले.

त्यांनी हा खर्च का केला, ते आम्ही तेव्हा विचारले नाही आणि नंतरही नाही. आमच्या घरात असले प्रश्न विचारण्याची रीत नाही. आम्ही बर्फात पडल्या पडल्या आकाशाकडे पाहत होतो, आणि कोपर दुखत होते. घरी आल्यावर तेथे एक काळानिळा डाग उठला, तो आम्ही डब्याच्या सुटीत दोघातिघांना बाही वर करून दाखविला.

स्लेजवाला दोर गुंडाळीत होता. सौभाग्यवतीने निघताना तिळगुळाची एक पुडी अण्णांच्या खिशात ठेवली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत तिळगूळ द्यायचा असतो आणि आज शेवटचा दिवस होता. अण्णांनी ती सोडून त्याच्या तळहातावर दोन लाडू ठेवले आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे शुद्ध मराठीत सांगितले. त्याने ते कपाळाला लावून तोंडात टाकले आणि चावताना मान डोलावली.

“पाँव दिखाओ,” अण्णा म्हणाले.

तो हसला, त्याला वाटले म्हातारा थट्टा करतो आहे. पण अण्णा पुन्हा खाली बसले होते. त्यांनी त्याच्या उजव्या गमबुटाची टाच हातात धरून वर केली. रबर एका बाजूने पार झिजले होते. आतले कापडी अस्तर दिसत होते आणि ते ओले झालेले होते. निघण्यापूर्वी त्यांनी ती टाच इतका वेळ का न्याहाळली होती, ते आम्हांला आता कळले.

“ब्रेक घिस गया है,” ते म्हणाले. “ऐसा नहीं चलेगा.”

“हर साल दो जोड़ी जाती है, चचा. इस साल बर्फ देर से गिरी, तो वही पुरानी...” त्याने वाक्य पुरे केले नाही.

अण्णांनी कोटाच्या आतल्या खिशातून पैसे काढले. सौदा करताना जेवढे कमी केले होते, त्याहून ते पुष्कळ अधिक असावेत. तो घेईना. “हिसाब हो गया, चचा,” असे म्हणत तो मागे सरकला. अण्णांचा आवाज चढला. हे बक्षीस नव्हे, गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आहे; आणि दुरुस्तीचा खर्च प्रवाशाकडून घेण्यात कमीपणा नसतो, असे त्यांनी रेल्वेच्या हिंदीत त्याला सुनावले. आजूबाजूचे दोनतीन स्लेजवाले पाहू लागले. शेवटी त्याने नोटा घेतल्या, न मोजता फेरनच्या आत ठेवल्या, आणि दोर खांद्यावर टाकला. वाहनतळाकडे नुकतीच एक बस आली होती व तिच्यातून भाड्याचे डगले घातलेली माणसे एकामागून एक उतरत होती. तो तिकडे निघाला. अण्णा त्याच्या पाठीमागून ओरडून सांगत राहिले की नवे बूट आजच घे, उद्यावर टाकू नकोस.